म्हशीला मामा नसतो

दिवसाउजेडी गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सूर्य डोंगराआड गेल्याशिवाय 'एक होता राजा' म्हणायचं नाही. म्हटलं, की कुठंतरी रानात कुणाचा तरी मामा चालता चालता थबकतो, डावीकडं जायचं तिथं उजवीकडं वळतो आणि गेलाच. पुढं मोठी झाल्यावर मला वाटायला लागलं, की पोरांनी आणि बायकांनी दिवसभर कामाला लागलेलं राहावं म्हणून हा नियम कुणीतरी हुशारीनं काढला असावा. पण तेव्हा आम्हांला मामाची खरीखुरी काळजी होती. एकच मामा होता आम्हांला, घाटमाथ्यावर राहणारा, आणि भाऊबीजेला येताना तो देशावरचा गूळ आणायचा.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. वाडीत पुरुष म्हणजे एकतर म्हातारे, नाहीतर नागडी पोरं. मधले सगळे मुंबईला गिरणीत. माझे वडील आणि काका तिकडंच होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे, आणि ते आल्यावर घरात पाहुणे आल्यासारखी धांदल उडायची. बाकी वर्षभर घर काकीचं. काकी म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिचा आवाज शेताच्या पार खालच्या बांधापर्यंत जायचा आणि तिथून आमचे बैल वळायचे. माझी आई तिच्या हाताखाली गुपचूप काम करायची. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन, माझा भाऊ सहाचा. भावाला एकच खोड होती: तो प्रश्न विचारायचा. झोपेतसुद्धा विचारायचा.

त्या साली पेरण्यांच्या आधी आमची आत्या परत आली. वडिलांची ही धाकटी बहीण पाचाडच्या बाजूला दिली होती. तिचा नवराही मुंबईला गिरणीत. तिकडं तापानं गेला, तिकडंच त्याला अग्नी दिला, आणि गावी आली ती त्याची पत्र्याची पेटी. आत्याला पोरबाळ नव्हतं. ती माहेरी निघाली तेव्हा पेटी तिनं सासरीच ठेवली आणि म्हैस सोडून घेतली. म्हैस लग्नात आमच्या आजानं दिलेली, तेव्हा तिच्यावर कुणाला बोलता येईना. पाचाडहून महाड, महाडहून पोलादपूर, अशी म्हशीचं दावं हातात धरून ती चालत आली. महाडच्या बाजारात दोघांतिघांनी विचारलं म्हणे, "म्हस इकायची काय बाय?" आत्यानं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की ते आपणहून बाजूला झाले.

घरात आल्यावर मोठी अडचण झाली. आत्या रडेना.

वाडीतल्या बायका रिवाजाप्रमाणं तिच्या गळ्यात पडून रडायला आल्या. अंगणातून येतानाच त्यांनी सूर धरला होता. आत्या ओटीवर भिंतीला टेकून बसलेली, आढ्याकडं बघत. बायकांनी थोडा वेळ एकटीएकटीनं रडून पाहिलं, पण समोरून साथ नसली की रडणंही ओसरतं. मग त्यांनी डोळे पुसले, काकीनं पुढं केलेलं पान खाल्लं, आणि भाताच्या रोपाबद्दल बोलून परत गेल्या. काकीला लाजल्यासारखं झालं. दारापर्यंत त्यांना पोचवताना ती म्हणाली, "तिला आतल्या आत रडायची सवय हाय."

आतल्या आत काय चाललं होतं कुणास ठाऊक. आत्या काम करायची, जेवायची, विचारलं तर 'हूं' म्हणायची. लावणी झाली, तण काढायची बेणणी झाली, गणपतीला वडील आणि काका येऊन गेले, तरी 'हूं' च्या पुढं ती सरकली नाही. आई म्हणायची, "बोलंल. येळ लागतो." काकी म्हणायची, "येळ किती लागतो? गणपती आले आणि गेले."

भात पिवळं पडायला लागलं त्या दिवसांत एका सकाळी काकीनं मला शेण भरायला गोठ्यात पिटाळलं. दारापाशी पोचले तर आत कुणीतरी बोलत होतं. मी आधी घाबरले, कारण आवाज ओळखीचा नव्हता. मग लक्षात आलं, आत्याचा आवाज मी विसरूनच गेले होते. ती म्हशीला दोहत होती, आणि चरवीत पडणाऱ्या धारेच्या ठेक्यावर म्हणत होती,

"नदी गो नदी, पाण्याचे बाये,
माझं तोंड वाहून गेलं, पाह्यलंस काय?"

शेणाची पाटी तिथंच टाकून मी भावाकडं पळाले. तो परसात मुंग्यांच्या वाटेत काड्या आडव्या घालत बसला होता.

"आते म्हशीला गोष्ट सांगतेय!"

त्यानं मान वर करून विचारलं, "मग म्हस काय म्हनते?"

गाढवापुढं गीता वाचल्याचं आम्ही ऐकलं होतं. म्हशीपुढं गोष्ट नवीनच. दुसऱ्या दिवशी आत्या येण्याआधीच आम्ही दोघं गोठ्याच्या माळ्यावर चढून पेंढ्यात लपलो. पेंढा जुना, अंगाला खाज सुटत होती, पण हलायची सोय नव्हती. आत्या आली. तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, खाली बसली, आणि कालचं सुटलं होतं तिथून सुरू न करता मुळापासून सांगू लागली. म्हशीनं काल नीट ऐकलं नसावं.

एक होती राणी. तिचा राजा गेला परमुलखात, आणि परत आली ती त्याची पेटी. राणी पेटीपाशी बसून रडली. इतकी रडली, की आसवांबरोबर डोळे, नाक, गाल, हनुवटी सगळं घरंगळलं, उंबऱ्यावरून ओहळात गेलं, ओहळातून नदीत. सकाळी दासीनं आरसा पुढं धरला तर आरशात नुसती भिंत. राणी उठली आणि नदीच्या काठाकाठानं आपलं तोंड शोधत निघाली. नदी तिला म्हणाली,

"तोंडं धुतली शंभर, पाह्यली शंभर,
तुझं कंचं सांग बाय, खूण तरी कर."

राणी त्यावर म्हणाली,

"खूण काय सांगू बाये, मी नाय पाह्यलं,
राजाकडं बघता बघता माझं राह्यलं."

मला वाटलं, आता राणी काय करील? आणि नेमका तेव्हाच माझ्या शेजारचा पेंढा सळसळला.

"तोंड नाय तर ती बोलते कशी गो आते?"

मी त्याच्या तोंडावर हात दाबायला गेले, तो सरकला, आणि माळ्याच्या कडेवरून पेंढ्याच्या भाऱ्यासकट खाली गव्हाणीत पडला. म्हैस उधळली. चरवी कलंडली. आत्या दुधात भिजलेली, भाऊ गव्हाणीत उताणा, डोक्यावर पेंढा, आणि तरी तो पुन्हा म्हणाला, "सांग ना. तोंड नाय तर बोलते कशी?"

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता मारणार. पण तिच्या कपाळावर आठी पडली ती रागाची नव्हती. ती विचारात पडली होती.

"इचार करून उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावर न चढता सरळ दारातून आत गेलो. आत्या वाटच बघत होती.

"पोटानं बोलते," तिनं सांगितलं. "भूक लागली की तुझं पोट बोलतं का नाय? तसं."

भावाला हे पटलं. त्या दिवसभर तो घरातल्या सगळ्यांच्या पोटाला कान लावत हिंडला. काकीनं त्याला लाटण्यानं हाकललं.

पण मला दुसरीच चिंता. मी म्हटलं, "आते, दिसाची गोष्ट सांगतेस. आमचा मामा वाट चुकंल ना."

"मी कुठं तुमाला सांगते?" आत्या म्हणाली. "मी म्हशीला सांगते. म्हशीला मामा नसतो. आता तुमी इथं शेण भरायला आलात आणि तुमच्या कानावर पडलं, तर माझा काय इलाज?"

"आणि हुंकार?" गोष्ट ऐकताना कुणीतरी 'हूं' म्हणावं लागतं, नाहीतर गोष्ट रुसते, हा दुसरा नियम.

"हुंकार म्हशीचाच पायजे."

म्हैस काही हुंकार देईना. मग आम्हीच तिच्या वतीनं देऊ लागलो. ओळ संपली की भाऊ आणि मी नाकातून "हम्म्यां" करायचो, आत्या मान हलवायची आणि पुढं जायची. महिनाभर तरी हे असं चाललं असेल. त्या आश्विनात आमच्या गोठ्यासारखा स्वच्छ गोठा अख्ख्या वाडीत नव्हता, कारण शेण पडायच्या आधीच आम्ही पाटी घेऊन हजर. काकी आधी खूश झाली, मग तिला संशय आला. एकदा तिनं गोठ्याबाहेरून जाताना आमचं हम्म्यां ऐकलं आणि पोरांना म्हशीचं वारं लागलं म्हणून दोघांची मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्यानं भाऊ संध्याकाळपर्यंत खोकत होता. खोकला थांबल्यावर त्यानं विचारलं, "म्हशीची दृष्ट काडली तर तिला आमचं वारं लागलंय असं व्हईल काय?"

गोष्ट मात्र भलती रंगत होती. बिनतोंडाची राणी गावोगाव जायची आणि लोक तिला आपापली तोंडं उसनी द्यायचे. एका सासूनं तिला आपलं तोंड दिलं:

"आंबट तोंड, कडू तोंड, घाल बाय घाल,
गूळ खाल्ला तरी लागंल चिंचेचं सार."

ते तिनं एका गावापुरतं घातलं आणि परत केलं. कुंभारानं मातीचं करून दिलं, ते उन्हात तडकलं. बगळ्यानं आपलं दिलं, तर तिला मासळीशिवाय काही दिसेना. हे सगळं आत्या नुसतं सांगायची नाही. एका हातानं आंचळ धरून दुसऱ्या हातानं बगळ्याची चोच करायची, सासूचे ओठ काढायची. सासूचे ओठ काढले की ती हुबेहूब काकीसारखी दिसायची, आणि आम्ही हम्म्यां करायचं विसरून शेणात लोळायचो.

घरात गेली की पुन्हा 'हूं'.

दिवाळी आली. भाऊबीजेला मामा यायचा तो दुपारच्या जेवणाला. घाटमाथ्यावरच्या त्याच्या गावाहून भल्या पहाटे निघून सडकेनं आला असता, तर उन्हं चढायच्या आत पोचला असता. पण मामाला सडक आवडायची नाही. सडक बैलांसाठी असते म्हणायचा, आणि रानातल्या पायवाटेनं उतरायचा. त्या दिवशी आईनं ओवाळायचं ताट केलं, पाट मांडला, चारदा खळ्याच्या टोकाला जाऊन घाटाकडं पाहून आली. घाटावर धुकं होतं. दुपार झाली, जेवणं झाली, दिवस कलला. मामा नाही.

भाऊ आणि मी एकमेकांकडं बघत नव्हतो. शेवटी तो कुठं दिसेना म्हणून मी गोठ्यात गेले, तर तो म्हशीच्या कानापाशी उभा राहून तिला दरडावत होता, "खरं सांग. तुला मामा हाय काय गो?"

तिन्हीसांजेला आईनं चंद्राला ओवाळलं. भाऊ नसला की तसं करतात. तिनं ओवाळलं आणि ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आला. घाटाकडून नव्हे, खालून, पोलादपूरच्या अंगानं. धोतर फाटलेलं, गालावर काटे ओरबाडलेले, हातात गूळ नाही. आईनं त्याला बघून आधी देवाला हात जोडले आणि मग त्याला शिव्या घातल्या. मामाचं म्हणणं असं, की रोजच्या पायवाटेनं तो उतरत होता, धुकं आलं, आणि जिथं वाट असायची तिथं नव्हतीच. तो एका घळीत उतरला, घळ त्याला भलत्याच खोऱ्यात घेऊन गेली. तिथं धनगराचं घर लागलं, त्यांनी ठेवून घेतलं, दूधभात घातला. गूळ त्यांच्या पोरांनी संपवला.

"जल्मात वाट चुकलो नाय मी या डोंगरात," मामा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "जल्मात नाय!"

काकीनं हातातलं मुसळ खाली ठेवलं. आम्ही सगळे खळ्यात होतो. नव्या भाताचे पोहे कांडायचं काम चाललं होतं. काकी आमच्याकडं वळली.

"दिसाची गोष्ट कुनी सांगितली?"

मी जमिनीकडं बघितलं. भाऊ ताबडतोब म्हणाला, "म्हशीला सांगितली. आमाला नाय."

"कुनी?"

"मी," आत्या म्हणाली.

तिच्या तोंडून 'हूं' सोडून दुसरा शब्द ऐकून काकी जागीच थबकली. तिला रागवायचं होतं की आनंद मानायचा होता, हे तिचं तिला ठरवता येईना. तेवढ्यात पाटावर बसलेला मामाच मधे पडला. मामा तक्रारदार होता, पण माणूस गमत्या.

"कसली गोष्ट ती?" त्यानं विचारलं. "जिच्यापायी मी घळीत पडलो ती गोष्ट मला कळाया पायजे. सांग बाय."

"दिसाची?" काकी ओरडली.

"अक्का, मामा तर हितं बसलाय," स्वतःच्या छातीवर हात मारून मामा म्हणाला. "पाटावर बसलेला मानूस कुठली वाट चुकनार?"

काकीनं खाली ठेवलेलं मुसळ आत्याच्या हातात दिलं.

मग आत्यानं सांगितली. उखळाच्या एका बाजूला ती, समोर आई. मुसळं आळीपाळीनं खाली येत होती आणि त्या तालावर ओळी. मामा पाटावर. आम्ही दोघं सवयीनं हम्म्यां करायला लागलो तेव्हा काकीनं कपाळाला हात लावला, पण पुढं तीच हुंकार द्यायला लागली. सासूच्या तोंडाची ओळ आली तेव्हा आम्हांला धाकधूक. आत्यानं ओठही काढले. काकी खदखदून हसली आणि म्हणाली, "अगदी माझी सासू बग!"

राणी खाडीच्या मुखाशी पोचली. जिथं नदी समुद्राला मिळते तिथं वाहून आलेली सगळ्या जगाची तोंडं लाटांवर तरंगत होती. समुद्र म्हणाला, तुझं घेऊन जा. राणी गुडघाभर पाण्यात उभी. हे उचलते, ते उचलते. आणि इथं आत्याचं मुसळ थांबलं.

"मग?" मामानं विचारलं.

"फुडचं मला येत नाय."

"येत नाय कसं? मी एवढा घळीत पडलो!"

आत्यानं मुसळ उखळाला टेकवलं. "राजाचंपन तोंड तितंच हाय, त्या पान्यात," ती म्हणाली. "तिला आधी ते शोधायचंय. पन तिला ते आठवत नाय."

मग तिनं हळू, कणी निवडल्यासारखं एकेक सांगितलं. लग्नाला किती वर्षं झाली होती, पण नवरा घरी किती? शिमग्याला थोडे दिवस, गणपतीला थोडे दिवस. त्यातही सासू-सासऱ्यांसमोर मान वर करून त्याच्याकडं बघायची सोय नाही. "त्याचा कान आठवतो मला, डावा. खोकायचा कसा ते आठवतं. आनि दासगावला मुंबईच्या बोटीवर जाया निघाला की पेटी डोक्यावर घेतलेली पाठ, ती लई चांगली आठवते. पन तोंड आठवाया जाते आनि तितं नुसती भिंत. बाया रडाया आल्या तवा मी तेच करत व्हते. आढ्याकडं बगून तोंड आठवत व्हते. ज्याचं तोंड आठवत नाय त्याच्या नावानं रडू कसं?"

आईनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता काकी बोलणार आणि सगळं बिघडणार.

काकी खाली बसली. इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाली, "माझापन नाय आठवत."

"काय नाय आठवत?" आईनं विचारलं.

"तुझ्या भावोजींचं तोंड." काकी एकदम तावात आली. "खोटं कशाला बोलू? आता गनपतीला येऊन गेला. आता इचार मला, नाक कसं हाय? नाय सांगता यायचं. बोटीवरून उतरून वाडीत शिरतात ना चारपाच जन, तवा मी आधी पोरांकडं बगते. पोरं 'काका' म्हनत ज्याच्याकडं धावली तो आपला!"

"आनि फोटो हाय की घरात," मामा म्हणाला.

फोटोची गंमत अशी, की काकानं एकदा मुंबईत फोटो काढून पाठवला होता. उसना कोट, मानेला टाय, शेजारी कुंडी, मागं रंगवलेला राजवाडा. काकीला तो महाडच्या कोर्टातला कुणी कारकून वाटला होता.

"तो? तो मी भिंतीकडं तोंड करून ठेवलाय," काकी म्हणाली. "परका बाप्या घरात टक लावून बगतोय असं वाटतं."

आई हसायला लागली. आमची गुपचूप आई. हसता हसता म्हणाली, "माझ्या मालकांची मिशी तेवढी आठवते मला. बाकीचं मी आपलं मिशीभवती बसवते. दर खेपेला येगळंच बसतं."

आता तिघीही हसत होत्या. काकीनं उखळाला धरलं होतं. आईनं मुसळ टाकून दिलं होतं. आत्या हसता हसता खाली बसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. हसणं थांबलं, पाणी चालूच. खांदे गदगदायला लागले. आईनं तिला जवळ घेतलं. काकीची नजर कुंपणापलीकडं गेली, शेजारणीच्या दाराकडं. तिला हाक मारावीशी वाटली असणार, की या गो, आता रडतेय, बगा. पण ती उठली, घागरीतून पाणी आणलं, आणि आत्याच्या पायाशी ठेवून तिथंच बसून राहिली.

भावानं मला कोपरानं ढोसलं. "हिचं तोंड वाहून जानार काय?"

आत्यानं ते ऐकलं. पदरानं डोळे-नाक पुसून त्याच्यापुढं तोंड नेलं आणि म्हणाली, "बग. हाय का जाग्यावर?"

भावानं बोटानं तिचं नाक दाबून पाहिलं. "हाय."

"मग आईक." आणि तिनं तिथंच, सर्दल्या आवाजात, शेवट सांगितला. राजाचं तोंड राणीला मिळालं नाही. समुद्र म्हणाला, ते खोल गेलं बाय, ते माझ्याकडं राहू दे. तुझं घेऊन जा. मग राणीनं एकेक तोंड घालून पाहायला सुरुवात केली, कासाराकडं बांगड्या घालून पाहतात तशी. एक रडताना फाटायचं, एक हसताना फाटायचं.

"हसून बघ, रडून बघ, ताण देऊन बघ,
उसवलं नाय जे बाये, तेच तुझं मग."

शेवटी एक बसलं. साधंच होतं. त्यानं ती हसली, रडली, आणि ते जागचं हललं नाही. मग ती त्याच तोंडानं घरी गेली.

"आनि घरी जाऊन काय केलं?" भावानं विचारलं.

"भूक लागली व्हती. जेवली."

मामानं मांडीवर थाप मारली. गोष्ट त्याला फार आवडली, घळीत पडण्याच्या किमतीची होती म्हणाला. काकीनं त्याला विचारलं, "तुझी बायकू तरी वळखते काय तुला?" मामानं ओरबाडलेल्या गालावरून हात फिरवला. ओवाळणी झाली, पोहे खाल्ले, आणि आणखी एक दिवस राहायचा बेत असूनही तो लगेच निघाला. सडकेनं गेला.

त्यानंतर आत्या बोलायला लागली, ती इतकी, की काकी कधीकधी म्हणायची, 'हूं' बरं होतं. दुसऱ्या वर्षी होळीनंतर मामानंच तिच्यासाठी पाटाचं स्थळ आणलं. आमच्यात विधवेचा पाट लावत. माणूस बिजवर होता, महाडच्या अलीकडं सावित्रीच्या काठी त्याचं शेत होतं आणि भाड्याची बैलगाडी होती. काकीनं आत्याला विचारलं, तशी आत्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, बैठकीत ती मान खाली घालून बसणार नाही. दुसरी, तो मुंबईला जाणारा नसावा.

बैठक झाली तेव्हा मी दाराआडून पाहिलं. आत्या समोर बसून त्या माणसाकडं नीट, सावकाश बघत होती, बाजारात वांगं बघावं तसं. तो बिचारा घामाघूम झाला. टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. शेवटी त्यानं मामाला हळूच विचारलं, "काय चुकलं काय माझं?"

"चुकलं नाय," आत्याच म्हणाली. "उजव्या भुवईत खाच हाय, ती कशाची?"

"बैलानं मारलं लहानपनी."

"बरं," आत्या म्हणाली, आणि पाट ठरला.

माझं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्याकडं राहायला गेले होते. तिला तोवर एक मुलगी झाली होती, अंगणात मिरच्या वाळत होत्या, ओसरीवर गाडीवाल्याचे पाहुणे बसले होते. मी म्हटलं, "आते, ती गोष्ट सांग ना. मला सासरी न्यायची हाय." ती म्हणाली, कुठली गोष्ट? मी ओळी म्हणून दाखवल्या. तिला अर्ध्या आठवत नव्हत्या, आणि अर्ध्या मी चुकवल्या म्हणाली. मग तिनं मोड आलेल्या वालांचं भलंमोठं पातेलं माझ्यापुढं सरकवलं. रात्रीच्या बिरड्यासाठी साली काढायच्या होत्या.

"सोल," ती म्हणाली. "सासरी हेच न्यावं लागनार हाय."

वाल दाबले की सालीतून सुळकन निसटतात. माझा एक उडून तिच्या कपाळाला लागला, दुसरा थेट ओसरीवर, पाहुण्यांत. तिनं माझ्या हातावर चापट मारली, आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसत बसलो.